ॲडमिन लॉगिन: पासवर्ड बरोबर, एरर नाही, तरी परत लॉगिनचंच पान

अर्धविराम

चार दिवस झाले, डोकं चालेनासं झालंय, म्हणून इथे लिहितेय. थोडं लांबेल. अर्धवट माहिती दिली की "आधी कॅश साफ करा" एवढंच ऐकायला मिळतं, त्यामुळे सगळं एकदाच सांगून टाकते. कॅश साफ केली आहे. कुकीज उडवल्या आहेत. तीन ब्राउझर, दोन लॅपटॉप, एक फोन, सगळीकडे तेच.

मी पूर्णवेळ प्रोग्रॅमर नाही. आमच्याकडे कामाच्या नोंदी ठेवायचं एक वेब ॲप आहे, जँगो ४.२ (पायथॉनची वेब ॲप बनवायची चौकट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस). ज्याने लिहिलं तो दुसरीकडे गेला आणि "तुला पायथॉन येतं ना थोडंफार" एवढ्या बोलीवर ते माझ्या गळ्यात पडलं. वर्षभर काही कुरकुर नव्हती. मागच्या आठवड्यात जुना सर्व्हर सोडून नवीन घेतला. कोड कॉपी केला, डेटाबेसचा डंप नेऊन भरला, एनजिनएक्स (पुढे उभा राहून विनंत्या घेणारा वेब सर्व्हर) आणि गुनिकॉर्न (मागे जँगो चालवणारा) यांच्या फाइली जशाच्या तशा नेल्या, डोमेन नव्या सर्व्हरकडे वळवलं. मुखपृष्ठ उघडलं, मी खूश.

मग ॲडमिनचं पान उघडलं. नाव, पासवर्ड, एंटर. पान क्षणभर हललं आणि पुन्हा लॉगिनचंच पान. रिकामे दोन चौकोन. लाल अक्षरातली एररही नाही. मुद्दाम चुकीचा पासवर्ड घातला तर मात्र लाल एरर व्यवस्थित येते. म्हणजे बरोबर घातलं की गप्प, चुकीचं घातलं की बोलतं!

आता खरी गंमत. हे दर वेळी होत नाही. पाच-सात वेळा प्रयत्न केले की एखाद्या वेळी चक्क आत जाते. मला वाटतं सुटलो, आणि एखाद्या नोंदीवर क्लिक केलं की पुन्हा बाहेर. आमच्यातला एकजण तर लॉगिनच्या पानावर नुसता रिफ्रेश मारत बसतो, म्हणतो "लागतो कधीतरी नंबर". आणि खरंच लागतो!

आतापर्यंत केलेलं: टर्मिनलवरून पासवर्ड बदलला, फरक नाही. नवीन सुपरयुजर बनवला, त्यालाही तेच. "पासवर्ड विसरलात?" वापरून पाहिलं, मेल आली, लिंक उघडली तर लिंक चालत नाही म्हणतो, मेल येऊन मिनिटही झालं नसताना. गुनिकॉर्नचा लॉग कोरा. माझ्या लॅपटॉपवर तोच कोड, तोच डेटाबेस, मक्खनासारखा चालतो.

कुणाला काही सुचतंय का?

खटपट्या

युजरच्या टेबलमध्ये 'इज स्टाफ' आणि 'इज ॲक्टिव्ह' हे दोन्ही रकाने खरे आहेत का बघा. डंप भरताना गडबड होऊ शकते. आणि पासवर्डची शंकाच नको असेल तर सरळ डेटाबेसमध्ये जाऊन पासवर्डच्या रकान्यात नवीन पासवर्ड लिहून टाका. मी एकदा तसंच केलं होतं.

टर्मिनलवाला

खटपट्या, दुसरं कृपा करून कुणाला सांगू नका. त्या रकान्यात पासवर्ड नसतो, त्याचा हॅश (उलटा न फिरवता येणारा ठसा) असतो, पुढे कुठली पद्धत, किती फेऱ्या, सॉल्ट (त्यात मिसळलेली यादृच्छिक अक्षरं) काय हे सगळं एका ओळीत. तिथे साधा शब्द लिहिला तर जँगोला तो हॅश म्हणून ओळखताच येत नाही आणि ते खातं कायमचं नापास. तुमचं तेव्हा चाललं असेल तर ते दुसरं काहीतरी ॲप असणार.

'इज स्टाफ' खोटं असतं तर लाल एरर आली असती, तीच जी चुकीच्या पासवर्डला येते. जँगोचं ॲडमिन त्या दोन्हींत फरक दाखवत नाही. इथे एररच नाही, तेव्हा तो विषय संपला.

अर्धविराम, एक काम करा. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्कच्या टॅबमध्ये 'प्रिझर्व्ह लॉग' वर खूण करा (नाहीतर पान बदललं की यादी पुसली जाते), आणि लॉगिन करा. पोस्ट विनंतीला उत्तर काय आलं ते सांगा. २०० आलं तर जँगोने नाव-पासवर्ड नाकारून तोच फॉर्म परत दाखवलाय. ४०३ आलं तर सीएसआरएफ, म्हणजे फॉर्म खरंच तुमच्याच साइटवरून आलाय का ही तपासणी, नापास. ३०२ (दुसऱ्या पानाकडे जा) आलं तर लॉगिन झालंय आणि गडबड त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. या तिघांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, त्यामुळे तो आकडा कळेपर्यंत सेटिंगला हात लावू नका.

माझा पहिला संशय सिक्युअर कुकीवर. सेशनची कुकी (कोण लॉगिन आहे ते ओळखायची ब्राउझरमधली खूण) फक्त एचटीटीपीएसवरच पाठवायची असं सेटिंग असेल आणि नवीन सर्व्हर अजून साध्या एचटीटीपीवर असेल, तर ब्राउझर ती कुकी ठेवतच नाही आणि अगदी असाच गप्प लूप होतो.

अर्धविराम

केलं. पोस्टला ३०२. उत्तरात सेट-कुकी आहे, सेशनआयडी दिसतोय. पुढची विनंती ॲडमिनच्या मुख्य पानाची, तिच्यात तीच कुकी जातेय, अक्षर न अक्षर जुळवून पाहिलं. आणि तिला उत्तर पुन्हा ३०२, चला परत लॉगिनला.

सर्टिफिकेट नव्या सर्व्हरवर बसवलंय, सगळं एचटीटीपीएसवरच आहे, त्यामुळे सिक्युअर कुकीचं नसावं.

आणखी एक पाहिलं: युजरच्या टेबलमधला 'लास्ट लॉगिन' रकाना प्रत्येक प्रयत्नाला बदलतोय. म्हणजे ॲपच्या मते मी आत गेलेय! सेशनच्या टेबलमध्येही नवीन ओळ पडतेय. ओळ आहे, कुकी आहे, दोघांचा नंबर एकच आहे, तरी ओळख नाही. हे कसं?

वाटसरू२

माझंही अगदी सेम होतंय!! फक्त मला पिवळ्या-पांढऱ्या पानावर ४०३ आणि सीएसआरएफ व्हेरिफिकेशन फेल्ड असं येतं. एचटीटीपीएस केल्यापासून. उपाय सापडला की मलाही सांगा.

टर्मिनलवाला

वाटसरू, सेम नाही, तुमचा आजार वेगळा आहे आणि सोपा आहे. जँगो ४.० पासून ब्राउझरने पाठवलेला ओरिजिन हेडर (विनंती कुठल्या साइटवरून आली ते सांगणारी ओळ) तपासला जातो. तुमच्या पुढे एनजिनएक्ससारखा प्रॉक्सी (मधला सर्व्हर) आहे, ब्राउझर ते प्रॉक्सी एचटीटीपीएस, पण प्रॉक्सी ते जँगो साधं एचटीटीपी. जँगोला वाटतं आपण एचटीटीपीवर आहोत, ओरिजिन म्हणतो एचटीटीपीएस, दोघांचं जुळत नाही. प्रॉक्सीने एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हा हेडर स्वतः लावायचा, आणि जँगोच्या 'सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर' सेटिंगमध्ये त्यावर विश्वास ठेव म्हणून सांगायचं. प्रॉक्सी तो हेडर स्वतः लिहितोय याची खात्री असेल तरच, नाहीतर बाहेरचा कुणीही तो खोटा पाठवेल. दुसरा मार्ग, 'सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स'मध्ये डोमेन टाकायचं, पण ४.० पासून तिथे नुसतं डोमेन चालत नाही, पुढे एचटीटीपीएस, कोलन, दोन तिरक्या रेघा लागतात. बहुतेक जण तिथेच अडकतात.

अर्धविराम, तुमचं मात्र मला कळत नाहीये. कुकी डोमेनचं सेटिंग?

सावकाश

अर्धविराम ताई, तुमचा पहिला मजकूर दोनदा वाचला. तुम्ही उत्तर त्यातच लिहून ठेवलंय: "लागतो कधीतरी नंबर".

कुकीचं सेटिंग चुकलं असतं तर ते दर वेळी चुकलं असतं. सिक्युअर असो, डोमेन असो, ब्राउझर नियमाने वागतो, त्याला लहर नसते. कधी चालतं आणि कधी नाही याचा अर्थ तुमच्या विनंत्यांना उत्तरं देणारे एकापेक्षा जास्त आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही.

गुनिकॉर्नचे वर्कर (विनंत्यांना उत्तरं देणाऱ्या त्याच्या प्रोसेस) किती आहेत? माझा अंदाज तीन, कारण बरेचजण कोअर गुणिले दोन अधिक एक करतात आणि लहान सर्व्हरला कोअर एकच असतो.

आता दुसरा धागा. सेशनची ओळ डेटाबेसमध्ये नुसती ठेवलेली नसते, ती सीक्रेट की (ॲपची गुप्त किल्ली) वापरून सही केलेली असते. वाचताना सही पटली नाही तर जँगो एरर देत नाही. तो ते सेशन रिकामं समजतो, म्हणजे तुम्ही अनोळखी, म्हणजे चला लॉगिनला. ओळ मात्र तशीच राहते आणि कुकीही पुसली जात नाही. म्हणून तुमचा तो रिफ्रेशवाला माणूस बरोबर आहे: ज्या वर्करने सही केली त्याच्याच हाती पुढची विनंती पडली की तो आत.

"पासवर्ड विसरलात"ची लिंकही त्याच कीने बनते. एका वर्करने बनवली, दुसऱ्याने तपासली, नापास. याउलट पासवर्डच्या हॅशमध्ये ती की कुठेच नसते, म्हणून पासवर्ड तिन्ही वर्करना पटतो आणि लास्ट लॉगिन दर वेळी बदलतं. पासवर्ड बदलून, नवीन युजर बनवून फरक का पडला नाही तेही यातच आलं.

तेव्हा माझा प्रश्न एकच: सेटिंगच्या फाइलमध्ये सीक्रेट की कुठून येते? ती ओळ (की नको, फक्त ओळ कशी लिहिली आहे ते) सांगा.

खात्री करायची असेल तर गुनिकॉर्न एका वर्करवर चालवून बघा. लॉगिन दर वेळी झालं तर माझं म्हणणं खरं.

आणि लॉग कोरा का? सही पटली नाही की जँगो 'सेशन डेटा करप्टेड' असा इशारा देतो, पण डीबग बंद असताना मूळ लॉगिंगची मांडणी अशी आहे की इशाऱ्याच्या पातळीची ओळ कुठेच उमटत नाही. लॉगिंगच्या सेटिंगमध्ये 'जँगो डॉट सिक्युरिटी'ला कन्सोलचा हँडलर (ओळी बाहेर लिहिणारा) जोडा, इशाऱ्यांची रांगच लागेल. एक सावधगिरी: सर्व्हर बदलताना की बदलली असेल तर लोकांच्या जुन्या कुकीजमुळेही काही ओळी येतील, त्यांना धरू नका. इन्कॉग्निटोमध्ये नवीन लॉगिन करून मग पाहा.

अर्धविराम

सावकाश, तुमचे पाय कुठे आहेत.

वर्कर तीन. एक केला, लॉगिन पहिल्या फटक्यात. दहा वेळा बाहेर जाऊन दहा वेळा आत आले. परत तीन केले, परत तोच खेळ.

सेटिंगमधली ओळ अशी आहे: एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगमध्ये) सीक्रेट की असेल तर ती घे, नसेल तर जँगोचं जे यादृच्छिक की बनवायचं फंक्शन आहे ते चालव. आधीच्याने सोयीसाठी लिहिलं असणार. प्रत्येक वर्कर सेटिंगची फाइल आपापली वाचतो, म्हणजे तीन वर्कर, तीन की. हे मी वाचलं होतं, खरं सांगते. चार दिवसांत किमान दोनदा ती ओळ डोळ्यांखालून गेली आणि मी म्हटलं, की तर एन्व्हायर्नमेंटमध्ये आहेच. कारण टर्मिनलवर एको करून पाहिलं होतं आणि की दिसली होती!

ती दिसली कारण मीच ती माझ्या बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) टाकली होती, मायग्रेट वगैरे चालवायला. आणि सिस्टमडी (सर्व्हरवर सर्व्हिस सुरू करणारा) काही माझं बॅशआरसी वाचत नाही. सर्व्हिसला की मिळायची ती एटीसी फोल्डरमधल्या एका वेगळ्या फाइलमधून. सर्व्हिसची फाइल मी आणली, ती ज्या फाइलकडे बोट दाखवते ती राहिली जुन्या सर्व्हरवर.

आता तुम्ही म्हणाल, फाइल नसेल तर सिस्टमडीने बोंब मारायला हवी. मीही तेच म्हटलं. नीट पाहिलं तर एन्व्हायर्नमेंटफाइलच्या ओळीत पत्त्याच्या आधी एक उणे चिन्ह. एवढीशी रेघ! त्याचा अर्थ, फाइल नसली तरी चालेल, पुढे जा. सिस्टमडी पुढे गेला, जँगो पुढे गेला, मी चार दिवस तिथेच.

चालत्या सर्व्हिसच्या प्रोसेसचा नंबर घेऊन प्रॉकमधली एन्व्हायरनची फाइल (त्या प्रोसेसला खरंच काय मिळालं ते दाखवणारी) वाचली. सीक्रेट की नाही. हेच पहिल्या दिवशी पाहिलं असतं तर.

खटपट्या

पण मग डेटाबेसचा पासवर्ड? तोही एन्व्हायर्नमेंटमध्ये असेल ना, ॲप उठलंच कसं?

अर्धविराम

तो कोडच्या फोल्डरमध्येच एका लोकल सेटिंगच्या फाइलमध्ये होता, कोडबरोबर आला. (हो, माहितीये, तेही बरोबर नाही. एका वेळी एकच भूत.) तो तिथे नसता तर ॲप उठलं नसतं आणि मी पाच मिनिटांत शोधलं असतं.

टर्मिनलवाला

मानलं सावकाश. मी कुकीच्या मागे लागलो होतो.

घाई असेल तर गुनिकॉर्नला प्रीलोडचा पर्याय द्या, मग ॲप आधी एकदाच लोड होतं आणि त्यातून वर्कर फुटतात, तिघांची की एकच.

सावकाश

नको. त्याने आजार जात नाही, लपतो. सर्व्हिस रीस्टार्ट झाली की नवीन की, सगळे बाहेर. आज तीन वेळा आपटून दिसला तो दोष उद्या "अपडेट टाकलं की लोक लॉगआउट होतात" अशा रूपात येईल आणि तो शोधायला आणखी अवघड.

ताई, की जुन्या सर्व्हरवरचीच आणा, तो अजून चालू असेल तर. फाइलला परवानगी फक्त मालकाला वाचायची ठेवा. सर्व्हिसच्या फाइलमधलं ते उणे काढा. आणि सेटिंगमधला यादृच्छिकचा पर्यायही काढा, की नसेल तर ॲपने उठतानाच मरावं. कधीकाळी की बदलायची वेळ आली तर जँगो ४.१ पासून 'सीक्रेट की फॉलबॅक्स' आहे, जुनी की त्यात काही दिवस ठेवली की चालू सेशन तुटत नाहीत.

एक कुतूहल. तुमच्या लॅपटॉपवर कोड सेव्ह केला की लॉगिन जायचं का?

अर्धविराम

जायचं!! वर्षभर जातंय. प्रत्येक सेव्हला ॲप नव्याने उठतं, म्हणजे नवीन की. मला वाटायचं रनसर्व्हर (लॅपटॉपवर जँगो चालवायची आज्ञा) असाच असतो, त्यामुळे डेव्हलपमेंटचा पासवर्ड 'अअअअ' एवढाच ठेवलाय, पटकन टाइप व्हावा म्हणून.

तर: जुना सर्व्हर महिनाअखेरपर्यंत चालू होता, तिथून की आणली. उणे काढलं. मुद्दाम फाइलचं नाव बदलून सर्व्हिस चालवून पाहिली, उठली नाही, एरर आली, इतकी छान लाल एरर मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. नाव परत जागेवर. तीन वर्कर, सकाळपासून एकदाही बाहेर फेकलं नाही.

जुनी की आणल्याचा एक परिणाम माझ्या लक्षात आला नव्हता. आमच्यातले दोघं या दिवसांत ॲपकडे फिरकलेच नव्हते. त्यांनी आज उघडलं, कुकी दोन आठवड्यांच्या आतली, सेशनची ओळ डंपमधून आलेली, की तीच. सरळ आत. त्यांना मी विचारलं काही अडचण आली का, तर म्हणाले, "कसली?"

वाटसरू२

माझंही झालं, त्या तिरक्या रेघाच राहिल्या होत्या. धन्यवाद टर्मिनलवाला.